नीलिमा शेळ्यांवरून उतरली

२६ फेब्रुवारी, रविवार

माझ्या शेळ्यांचं छप्पर गेलं! सकाळी चहा ठेवला तेव्हा होतं, चहा गाळला तेव्हा नव्हतं. रतिलाल आणि पुतण्या भरत ट्रॅक्टरला दोर बांधून ते ओढत होते. शेळ्या उघड्यावर उभ्या, आणि बघतात माझ्याकडे!

(वहीत मी नवऱ्याला रतिलालच म्हणणार. तोंडाने नाव कधी घेतलं नाही, पण इथे कोण ऐकतंय.)

छप्पर म्हणजे बोट. शर्यतीची, शिडाची, अस्सल सागवानी. नौदलातून सुटून माणसं ट्रंक घेऊन घरी येतात, हा बोट घेऊन आला — लिलावात घेतलेली, ट्रकवर घालून. आमच्या ब्राह्मणपुरी गावात पाणी म्हणाल तर विहिरीत. मग काय, अंगणात चार खांबांवर पालथी घातली आणि मी खाली शेळ्या बांधल्या. त्याला अडतीस वर्षं झाली. एक थेंब गळली नाही.

"का काढलं?" विचारलं. म्हणे, "मुंबईथीन फोन उना व्हता. हाई शेवटली शे." तसल्या पाच बोटी एकाच कारखान्यात बांधल्या होत्या. एक फुटली, एक जाळली, दोन कुजल्या. उरली ती आमची, लेंड्यांच्या वासाची.

"मग?"

"मंग काय. तिले पानीमा उतारनी शे."

शेळ्यांना तूर्तास ताडपत्री.

१ मार्च, बुधवार

बोट सुलटी केली, धुतली. शेणाखालून, चुन्याखालून बाजूवर नाव निघालं — नीलिमा.

लग्न झालं तेव्हा हा रजेवर यायचा आणि झोपेत "नीलिमा, नीलिमा" करायचा. दोन वर्षं मी आतल्या आत कुढले. शेवटी धीर करून विचारलं, कोण ही? तर म्हणे, अठरा फुटांची आहे, सागवानी आहे. मी एवढी हसले की सासूबाई ओसरीवरून उठून आत आल्या.

बाकी तिचा इतिहास मला पाठ. मुंबईच्या समुद्रावर शर्यती व्हायच्या, आणि एकोणऐंशीची शर्यत रतिलालने हिच्यात बसून जिंकली. ही गोष्ट माहीत नाही असा माणूस गावात नाही. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा नुसता वारा होता. भाचीच्या लग्नात वादळ झालं. मागच्या गणपतीत डोलकाठी मोडली आणि याने ती खांद्यावर धरून शर्यत संपवली. मीही काही कमी नाही. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना हीच गोष्ट सांगत आले. आमच्या पोरांना हत्ती काढता यायचा नाही, पण बोट यायची.

६ मार्च, सोमवार

होळी. पोरं लाकडं मागायला आली आणि नीलिमेकडे बघत उभी राहिली. मी हो म्हणणार होते.

१२ मार्च, रविवार

शहाद्याहून इद्रिस मिस्तरी आला. फर्निचरवाला. आमची कपाटं, दिवाण, सगळं त्याच्या हातचं. बोटीभोवती फिरला, बोटांनी टकटक केलं, दाढी खाजवली. मग मला म्हणाला, "भाभी, हिले दार कोठे बसाडू?"

थट्टा झाली. पण सागवान खरवडून बघितलं आणि थट्टा विसरला. असं लाकूड आता मिळत नाही म्हणाला. "हाई आपलाकडलंच शे. डोंगरमातलं." इथून मुंबईला गेलं असणार आणि बोट होऊन परत आलं. कसं ओळखलं म्हटलं, तर म्हणतो वासावरून. अडतीस वर्षांच्या लेंड्यांतूनही याला सागाचा वास आला! रतिलाल इतका खूश की स्वतः उठून दुसऱ्या चहाला सांगायला आला.

२६ मार्च, रविवार

अंगणात आज महायुद्ध.

फळ्या वाळून त्यांच्यात फटी पडल्या होत्या. इद्रिसने चार दिवस खपून त्या सगळ्या सरस आणि भुशाने बुजवल्या, वरून पॉलिश मारलं. मुंगीसुद्धा जाणार नाही असं काम. पावसाळ्यात कपाट खराब होऊ नये म्हणून जे जे करतात ते सगळं बोटीला केलं. रतिलालने बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मिस्तरी, तिले फुगाले जागा ठेव ना."

मग तासभर व्याख्यान. बोटीच्या फटीत सुताचा पीळ भरायचा, बाकी काही नाही. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फुगलं की फटी आपोआप मिटतात. मध्ये दगडासारखं काही बसलं तर फळीच फुटते. सगळं खरवडून काढायचं! इद्रिसचा रोजा, घशाला कोरड, वर हे ऊन. तो म्हणाला, "आप्पा, पहिले सांगानं व्हतं." हा म्हणाला, "मले वाटनं तुले माहीत व्हई." दोघं फुगून दोन टोकांना बसले.

संध्याकाळी मी रोजा सोडायला खजूर आणि कलिंगड काढलं. ताट रतिलालच घेऊन गेला. उद्यापासून दोघं मिळून खरवडणार आहेत.

८ एप्रिल, शनिवार

जुनं शीड उंदरांनी खाल्लेलं. भरतने मंडपवाल्याकडून पांढरं कापड आणलं, लाल झालरीचं. मशीन माझं. "कसं कापू?" विचारलं. "तिकोनी." "उंची किती?" "डोलकाठीथीन थोडी कमी." "आणि दोर कुठून ओवायचे?"

तर हा उठला आणि शेळीला पाला घालायला गेला. या माणसाने जन्मात शेळीला पाला घातलेला नाही. शेळीसुद्धा बावरली.

मला गंमत वाटते. लाकडाचं विचारा, तास गेला समजा — रंगाचे हात किती, घासकागद कुठला, ऊन कुठल्या बाजूने लागू द्यायचं. शिडाचं विचारा, की शेळीला पाला.

झालर काढली नाही. छान दिसते.

९ एप्रिल, रविवार

भरतने फोनवर शिडाचे व्हिडिओ शोधून दाखवले, त्यावरून कापलं. रतिलाल मागे उभा. "तेच तं मी सांगी ऱ्हायनू," म्हणाला.

१६ एप्रिल, रविवार

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, नीलिमा पाण्यात! भरतने आज डेअरीवर जाहीर करून टाकलं. माहेरवाशिणी आलेल्या असतात, गाव मोकळं असतं. सरपंच येणार, बँड येणार. रतिलाल घरी येऊन म्हणतो, एवढी घाई कशाला. अडतीस वर्षांनी कसली घाई?

शेजारची गुलाबबाई — हिच्या जिभेला हाड नाही — भिंतीवरून विचारते, "बाई, आप्पा वादळबी लई येतीन ना संगे?"

रतिलालचं जेवण कमी झालंय. उन्हाने असेल.

२२ एप्रिल, शनिवार

आखाजी. बुडाली!!

सविस्तर उद्या. आधी सांजोऱ्या तळते. निम्मं गाव आमच्या ओसरीवर येऊन बसलंय, मयताला बसतात तसं, पण खातंय मात्र लग्नातलं.

२३ एप्रिल, रविवार

तर ऐक बाई वही. ट्रॉलीत कडबा पसरून नीलिमेला प्रकाशा गावाच्या अलीकडे नेलं, तापीच्या बॅरेजचा फुगवटा आहे तिथे. नारळ फुटला, बँड वाजला. रतिलालने पांढरी टोपी घातलेली. बोट पाण्यात ढकलली, हा चढला, आणि फळ्याफळ्यांतून पाणी आत येऊ लागलं. आरडाओरडा नाही, काही नाही. शांतपणे खाली खाली गेली आणि कमरेइतक्या पाण्यात तळाला बसली. हा आत उभाच! टोपी कोरडी. बँडवाल्यांना कुणी थांबा म्हटलं नाही म्हणून ते वाजवत राहिले.

काठावर माणसं हसून हसून खाली बसली. गुलाबबाई म्हणाली, "जिकना आप्पा. सगयास्ना पहिले बुडना."

मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. एकोणऐंशीपासूनचा मान, आणि तो असा पाण्यात. मी त्याच्याकडे बघितलं. आणि हे मी कुणाला सांगणार नाही — त्याचा चेहरा सुटल्यासारखा दिसत होता. परीक्षा पुढे ढकलली की पोरांचे होतात तसा. घरी येऊन दोन वाट्या आमरस प्याला, बऱ्याच दिवसांनी.

बोट तिथेच पाण्यात आहे. ओढायला कुणी तयार नाही.

२४ एप्रिल, सोमवार

इद्रिस शीरखुर्मा घेऊन आला. यंदा ईद आणि आखाजी एकाच दिवशी पडली, म्हणून परवा तो नव्हता. मी सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"भाभी, आप्पानीच तं मले सांगेल व्हतं. पहिले चार-पाच दिन बुडाडी ठेवानी. लाकूड पानी पेस, मंग तिन्हामा बठानं."

मला आठवलं, इथे अंगणातही तेच व्याख्यान झालं होतं — लाकूड पाणी पिऊन फुगतं. म्हणजे याला माहीत होतं. माहीत असून कोरडी ठणठणीत बोट बँड लावून पाण्यात घातली. का? शीरखुर्म्यात साखर जरा जास्त झाली होती.

२७ एप्रिल, गुरुवार

नीलिमा तरंगली!

तिकडे जामसिंग म्हणून मासे धरणारा आहे, तो तिच्यावर लक्ष ठेवून होता. त्याने आज पाणी उपसलं, आणि परत आलंच नाही. फटी मिटल्या. त्याचा फोन येताच भरत अंगणात नाचला.

रतिलालने कंबर धरली. म्हणे उसण भरली.

मी भरतला वाटेला लावलं, दार ओढून घेतलं आणि समोर बसले. "खरं सांगा. तुम्ही हाई कधी चालाडेल शे का?"

मग खाली बघून म्हणाला, "मी नऊ वरीस तिले घासं. रंग दिधा. पन तिन्हामा कधी बठनू नही."

बोटींच्या शेडमध्ये काम होतं त्याचं. घासणं, सांधणं, रंगवणं. शर्यतीच्या सकाळी तिला पाण्यात ढकलायचं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून बघायचं. एकोणऐंशीची शर्यत नीलिमाने जिंकली हे खरं. हा काठावर होता. गावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमची बोट जिंकली एवढंच म्हणाला होता. लोकांनीच त्याला बोटीत बसवलं. हा उतरला नाही, इतकंच.

मला असा राग आला की भाजी करपली तरी उठले नाही. तीस वर्षं मी पोरांना खोटं सांगितलं! आणि रागाच्या खाली दुसरंच काही — मला का नाही सांगितलं? बाकीच्यांचं सोडा. मी काय हसले असते? हो, हसले असते. पण दार लावून.

२८ एप्रिल, शुक्रवार

बोलत नाही मी. चहा देते, पण बोलत नाही.

२९ एप्रिल, शनिवार

भरतने पुन्हा डेअरीवर जाहीर केलं. सात मे, रविवार. वृत्तपत्राचा माणूसही बोलावलाय. रतिलाल खाटेवर, कंबर धरून. म्हणतो, सांग आजारी आहे म्हणून.

मी सकाळभर विचार केला. बुडण्यावर गाव अजून हसतंय, ते चालेल, ते हसणं प्रेमाचं आहे. पण खरं कळलं तर वेगळं हसतील. हा त्र्याहत्तर वर्षांचा माणूस सकाळी कॅन घेऊन डेअरीवर जातो, पोरंसोरंसुद्धा "आप्पा, बसा" म्हणून जागा देतात. ते गेलं तर हा घराबाहेर पडणार नाही, मला माहीत आहे. याच्यावर हसायचा हक्क माझा. गावाला मी तो देणार नाही.

म्हटलं, "उठा. कंबर बरी झाली. शिकून घेऊ."

"कोन शिकाडी?"

"भरतच्या फोनमधले ते लोक."

३० एप्रिल, रविवार

गावात सांगितलं, प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला जातो. गुलाबबाई म्हणाली, भर उन्हात एवढी भक्ती? मोपेडवर तो पुढे, मी मागे. मला पोहता येत नाही, म्हणून तेलाचे दोन रिकामे कॅन कमरेला बांधले.

आज वारा नव्हता. बोटीत बसून शेंगा खाल्ल्या.

२ मे, मंगळवार

वारा होता. तो नसता तर बरं झालं असतं. सुकाणूचा दांडा रतिलालकडे. डावीकडे जायचं तर उजवीकडे जाते, सरळ म्हटलं तर गोल. शीड फडाड करून याच्या डोक्यावर आलं, टोपी तापीत. दोनदा बेशरमाच्या झुडपांत घुसलो, दोनदा जामसिंगने त्याच्या होडीने ओढून काढलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मन्ही म्हैसबी एन्हापेक्षा सरय पव्हस."

रतिलाल हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याचं बघून मीही हसले, आणि मग आम्हाला थांबताच येईना. घरी येताना लक्षात आलं, मी त्याच्याशी बोलत नव्हते.

४ मे, गुरुवार

आज दांडा मी घेतला. म्हटलं, बघू तरी.

चारच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटतो. ज्वारी उपणताना आम्ही याच वाऱ्याची वाट बघत बसायचो. तिवईवर उभं राहून सूप धरायचं, वारा गालावर कुठे लागतो ते बघायचं, थोडं वळायचं. कोंडा अंगावर आला तर चुकलं. सगळी हयात मी हेच केलंय. दांडा हातात घेऊन नुसतं गालाकडे लक्ष दिलं. वारा बाजूने घेतला — आणि नीलिमा चालायला लागली!

आवाज नाही, धक्का नाही. पाणी नुसतं फळ्यांना घासत मागे जातं. रतिलाल पुढे बसला होता, त्याने फळीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. नऊ वर्षं घासली, आणि चालताना ती कशी लागते ते त्याला आज कळलं. मला खूप वाईट वाटलं त्याचं. आणि मजाही इतकी आली, की काठावर आल्यावर म्हटलं, अजून एकदा.

६ मे, शनिवार

बेत ठरला. वारा पश्चिमेचा, म्हणून या काठावरून त्या काठाला आणि परत, बस. नदीच्या मध्यात काही वळणंबिळणं नाहीत. रतिलाल पुढे उभा, दोर हातात, टोपी नवी. मी मागे शिडाच्या आड बसणार, दांडा पदराखाली. कुणी विचारलंच तर बाईला हौस होती म्हणून बसवली.

तो ऐकत होता. नवी टोपी हातात नुसती फिरवत होता.

७ मे, रविवार

जमलं! जमलं! जमलं!

बँड होता, सरपंच होते, इद्रिस बायकापोरांना घेऊन रिक्षाने आला होता. वारा चारला सुटला, आम्ही निघालो. लाल झालर ताठ. मी पदराखाली दांडा घट्ट धरलेला, कमरेला कॅन (गुलाबबाई म्हणाली, बाई कमरेत सुटली बरं का). पलीकडे गेलो, फिरवली, जरा डगमगली, परत आलो. काठावर टाळ्या, शिट्ट्या. इद्रिस रडत होता. फळ्यांतून थेंब आला नाही म्हणून रडत होता, हे त्यानेच सांगितलं.

रतिलालला शाल, नारळ. पेपरवाल्याने फोटो काढला, म्हणाला, आप्पा, एकोणऐंशीचं सांगा. मी श्वास धरला. रतिलाल म्हणाला, आज नको, दमलो. सगळ्यांना तो मोठेपणा वाटला.

घरी आल्यावर शाल खुंटीला लावली, आणि तिच्याकडे पाठ करून बसला. मी म्हटलं, सुटलो ना आता? तर उठून शेळीला पाला घालायला गेला. मला इतका आनंद झालाय की झोप येणार नाही, आणि हा असा.

८ मे, सोमवार

सकाळी गुलाबबाई दूध न घालताच पळत आली. आप्पाने डेअरीवर सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे: काल बोट बाईने चालवली. आणि एकोणऐंशीला मी काठावर उभा होतो. कुणी विचारलंही नव्हतं. पेपरवाल्यालाही त्याने तिथूनच फोन लावला. "कोनी हासनं नही बाई," ती म्हणाली. तीही हसत नव्हती.

मागून रतिलाल आला. कॅन उंबऱ्याशी ठेवला. मला वाटलं खाटेवर पडेल. उभाच राहिला.

"आज मले मांगे बसाड," म्हणाला. "दांडा मन्हा हातमा दे. मले शिकाड."

वारा चारला सुटतो. आम्ही दहालाच निघालो.